कारणे लिहून देणारा गव्हर्नर

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हायच्या आत तुझ्या वडिलांची ग्रीन कार्डाची, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची, पाळी आली आणि तू त्या न संपणाऱ्या रांगेतून सुटलीस, तेव्हा तुमच्या घरी झालेला आनंद मला आठवतो. आता कायद्याचे शेवटचे वर्ष संपत आले आहे आणि नागरिकत्वासाठी अर्ज करता येण्याची वेळही जवळ आली आहे. काही वर्षे वकिली करून पुढे इलिनॉयच्या विधिमंडळात जाण्याचा प्रयत्न करावा असे तुझ्या मनात आहे. पण नाशिकला जन्मलेल्या, तोंड उघडल्यावर ‘मूळच्या कुठल्या?’ हा प्रश्न हमखास येणाऱ्या मुलीने या वाटेला जावे का, असे तू विचारतेस. याचे हो किंवा नाही असे उत्तर देण्याऐवजी मी एका माणसाविषयी लिहितो. अर्बाना-शँपेनच्या तुमच्या विद्यापीठात घंटांच्या मनोऱ्याची जी दगडी इमारत आहे, तिला ज्यांचे नाव आहे ते जॉन पीटर आल्टगेल्ड. ती गणित विभागाची म्हणून ओळखली जाते, पण एके काळी कायद्याचे महाविद्यालयही त्याच इमारतीत होते. तिथून जाणाऱ्या किती मुलांना हा माणूस कोण होता हे ठाऊक असते, देव जाणे.

आल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतल्या नासाऊ संस्थानातील नीडरझेल्टर्स या खेड्यात झाला. ते काही महिन्यांचे असताना आईवडिलांनी अमेरिका गाठली आणि ओहायो राज्यात मॅन्सफील्डजवळ शेती धरली. वडील मूळचे गाडे बनवणारे. मुलाने शाळेत जाण्यापेक्षा शेतात हातभार लावावा असे त्यांचे मत होते. घरात जर्मन भाषा, बाहेर इंग्रजी, आणि जन्मतः वरचा ओठ दुभंगलेला असल्यामुळे बोलण्याची भीड. सोळाव्या वर्षी हा मुलगा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात भरती झाला आणि व्हर्जिनियातून कायमचा ताप घेऊन परतला. पुढे काही काळ शाळामास्तरकी, मग पश्चिमेकडची पायपीट, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी, पुन्हा आजारपण, आणि अखेर मिसूरी राज्यातल्या सॅव्हाना या गावात मुक्काम. तिथे मुलांना शिकवता शिकवता त्यांनी कायदा वाचला आणि सनद मिळवली. १८७४ साली शेतकरी चळवळीच्या पाठिंब्याने ते त्या काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले, आणि दुसऱ्याच वर्षी ते पद सोडून, कोणाची ओळखपाळख नसलेल्या शिकागोत येऊन राहिले.

तुझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. शिकागोत त्यांनी वकिलीपेक्षा जमीनजुमल्याच्या व्यवहारात जास्त पैसा केला, १८८४ साली काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक लढवून ती हरले, आणि त्याच वर्षी तुरुंगव्यवस्थेवर एक छोटे पुस्तक स्वखर्चाने काढले. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदा सापडलेल्या गरीब माणसाला ही व्यवस्था कशी भरडते आणि दंड भरता आला नाही म्हणून माणूस आत कसा जातो, हे त्यांनी सरकारी वकिलाच्या अनुभवातून मांडले होते. त्याच्या प्रती त्यांनी न्यायाधीशांना, तुरुंगाधिकाऱ्यांना आणि आमदारांना पाठवल्या. ओहायोतल्या एका लहान गावात क्लॅरन्स डॅरो नावाच्या तरुण वकिलाच्या हाती ते पुस्तक पडले, आणि १८८७ मध्ये शिकागोला आल्यावर डॅरो लेखकाला शोधत त्यांच्या कचेरीत गेले. पुढे अमेरिकेतला सर्वांत नामांकित फौजदारी वकील झालेल्या माणसाशी आल्टगेल्ड यांची मैत्री जमली ती अशी. निवडणूक हरल्याने जे मिळाले नाही ते या पुस्तकाने त्यांना मिळवून दिले. म्हणून तुला माझा पहिला सल्ला हा की उमेदवारीचा विचार करण्याआधी, ज्या एका विषयात तुझा हात बसला असेल त्यावर काहीतरी लिहून काढ, आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्यापर्यंत पोहोचव. भाडेकरूंचे खटले असोत, तारणाच्या अटी असोत की कामगारांची बुडवलेली मजुरी असो. विषय लहान असला तरी चालेल, लिखाण पक्के हवे.

१८८६ ते १८९१ ते कुक काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश होते, आणि १८९२ मध्ये विद्यमान गव्हर्नर जोसेफ फायफर यांचा पराभव करून इलिनॉयचे परदेशात जन्मलेले पहिले गव्हर्नर झाले. हा विजय कसा मिळाला तेही समजून घे. १८८९ साली राज्याने केलेल्या एका कायद्याने खासगी शाळांतही इंग्रजीतून शिक्षण सक्तीचे केले होते, आणि आपल्या चर्चच्या शाळांत जर्मन चालवणारे लुथरन आणि कॅथलिक पंथीय त्यामुळे खवळले होते. शाळेच्या भाषेवरून निवडणूक कशी तापते हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको. आल्टगेल्ड यांनी ती नाराजी पुरेपूर वापरली आणि सत्तेवर आल्यावर तो कायदा रद्दही झाला. पण एवढ्यावर थांबून ‘जर्मनांचा गव्हर्नर’ होणे त्यांना सहज शक्य होते, आणि ते त्यांनी केले नाही. हे तुला आवर्जून सांगतो, कारण आपल्या मंडळांचे गणेशोत्सव, दिवाळीचे कार्यक्रम आणि त्यातली व्यासपीठे तुला आरंभी फार आपुलकीने जवळ करतील. त्यांचे पाठबळ जरूर घे. पण आपले लोक मतदारसंघात किती आणि नागरिक होऊन मतदार झालेले त्यातले किती, हे एकदा मोजून पाहा, म्हणजे त्यांच्या आधाराने किती दूर जाता येते ते कळेल.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. आल्टगेल्ड यांचे नाव ज्यामुळे राहिले आणि ज्यामुळे ते बुडाले, ते प्रकरण एकच.

आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ पासून देशभर संप सुरू होता. ३ मे रोजी शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केट भागात भरली. सभा संपत आली असताना पोलिसांची तुकडी आली, कोणीतरी बॉम्ब टाकला, आणि त्यानंतरच्या गोंधळात व गोळीबारात पोलीस आणि कामगार दोघेही मेले; एकूण सात पोलिसांचा बळी गेला. बॉम्ब कोणी टाकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. तरीही आठ अराजकवाद्यांवर, म्हणजे राज्यसत्ताच नको असे मानणाऱ्यांवर, खुनाचा खटला चालला. त्यांतले सहा जण परदेशात जन्मलेले होते. न्यायाधीश जोसेफ गॅरी यांच्यापुढे सात जणांना फाशीची आणि ऑस्कर नीबे यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी दिली गेली, एकाने आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला, आणि सॅम्युअल फील्डन व मायकेल श्वाब यांची फाशी तेव्हाच्या गव्हर्नरांनी जन्मठेपेवर आणली. पॅरिसमधल्या १८८९ च्या समाजवादी परिषदेने १ मे हा दिवस कामगारांचा म्हणून निवडला तो याच आठ तासांच्या लढ्याला धरून, म्हणजे आपण महाराष्ट्र दिनाबरोबर जो कामगार दिन पाळतो त्याची मुळे तू राहतेस त्या राज्यात आहेत. त्याच दशकात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुटीसाठी झगडत होते आणि १८९० साली ती सुटी मिळाली, हे दोन्ही धागे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

आल्टगेल्ड जानेवारी १८९३ मध्ये गव्हर्नर झाले तेव्हा तिघे तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेच्या अर्जांवर हजारो सह्या होत्या, आणि त्यात शहरातले बडे बँकर आणि व्यापारीही होते. त्यांचे म्हणणे साधारण असे होते की, माणसे दोषी असतील, पण सात वर्षे झाली, शिक्षा पुरेशी झाली, आता दया दाखवावी. गव्हर्नरांनी दोन ओळींचा दयेचा आदेश काढला असता तर थोडी कुरकुर होऊन विषय मिटला असता. डॅरो आणि इतर मित्र उशीर का होतो म्हणून अधीर झाले होते. आल्टगेल्ड मात्र खटल्याचे दप्तर मागवून ते वाचत बसले. तब्येत अशी की शपथविधीच्या वेळचे भाषणही त्यांना पुरते वाचता आले नव्हते. तरी त्यांनी हजारो पानांची साक्ष स्वतः तपासली. २६ जून १८९३ रोजी त्यांनी तिघांची मुक्तता केली आणि सोबत कारणांची एक अख्खी पुस्तिका छापली.

ती पुस्तिका तू वाचावीस असे मला वाटते, कारण वकिलाच्या लिखाणाचा याहून चांगला नमुना राजकारणात सहसा सापडत नाही. आरंभीच त्यांनी ‘शिक्षा पुरेशी झाली’ हा मुद्दा बाजूला ठेवला. खटला न्याय्य झाला असेल आणि हे लोक दोषी असतील, तर मी हात घालण्याचे कारण नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. मग प्रश्न एकच उरला: खटला न्याय्य झाला होता का? ज्यूरीची नावे नेहमीप्रमाणे पेटीतून न काढता, एका खास नेमलेल्या बेलिफला शहरात फिरून माणसे निवडून आणायला सांगितले होते. अशी ९८१ माणसे बोलावली गेली. एका व्यापाऱ्याने शपथपत्रावर सांगितले होते की हा बेलिफ उघड बोलत होता: आरोपींना नाकारावीच लागतील अशी माणसे मी मुद्दाम आणतो, म्हणजे त्यांचे मोजकेच असलेले नकाराचे हक्क संपतील आणि उरलेली माणसे सरकारी पक्षाला हवी तशी मिळतील. वर्तमानपत्रे वाचून आपले मत आधीच बनले आहे असे ज्यूरीसाठी आलेले लोक स्वतः कबूल करत होते, आणि न्यायाधीश त्यांना उलटसुलट विचारून ‘तरी निःपक्षपाती राहण्याचा प्रयत्न करीन’ एवढे वदवून घेऊन पात्र ठरवत होते. हे सगळे आल्टगेल्ड यांनी प्रश्नोत्तरांसकट, जसेच्या तसे उतरवून दिले. नीबे यांच्याविरुद्ध पुरावा नाही हे सरकारी वकिलांनी खटल्याच्या वेळीच बोलून दाखवले होते, तेही त्यांनी नोंदवले. आणि घटनेनंतरच्या काळात हाताखालचा एक कॅप्टन जागोजागी बॉम्ब सापडत राहावेत, वातावरण तापलेले राहावे म्हणून धडपडत होता, हे शिकागोच्या माजी पोलीसप्रमुखांनी १८८९ मध्ये वर्तमानपत्राला दिलेले निवेदनही त्यांनी जोडले. विरुद्ध बाजूच्याच माणसांच्या तोंडचे शब्द पुरावा म्हणून वापरण्याची ही हातोटी शिकण्यासारखी आहे.

मला न पटणारा भागही आहे. शेवटी त्यांनी न्यायाधीश गॅरी यांच्या पक्षपातावर जे लिहिले त्यात धार गरजेपेक्षा जास्त होती. शिवाय शहराविरुद्धच्या नुकसानभरपाईच्या एका दाव्यात आल्टगेल्ड यांच्या बाजूचा निकाल अपिलात फिरला होता आणि त्या अपील न्यायालयात गॅरी होते, त्यामुळे हा जुना राग काढला आहे असे म्हणायला विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. ज्यूरीचा मुद्दा एकटाच पुरेसा होता. ज्याच्याशी आपला जुना वाद आहे त्याच्याविषयी लिहिताना, खरे असले तरी, अर्धे लिहावे आणि त्यातलेही विशेषण काढून टाकावे, असे मी माझ्या हाताखालच्या वकिलांना सांगत आलो आहे. आल्टगेल्ड यांना तो संयम जमला नाही.

त्यानंतर जे झाले ते तुझ्या प्रश्नाशी थेट जुळणारे आहे. तीस वर्षांपूर्वी या देशासाठी लढायला गेलेल्या आणि तान्हेपणापासून इथेच वाढलेल्या माणसाविषयी शिकागो ट्रिब्यूनने लिहिले की याच्या अंगात खऱ्या अमेरिकन रक्ताचा थेंबही दिसत नाही, हा अमेरिकनासारखा विचार करत नाही. त्यांचे पुतळे जाळले गेले, व्यंगचित्रांतून ओठाची टिंगल झाली. गव्हर्नर म्हणून निवडून येईपर्यंत त्यांचा जन्म कोणाला फारसा खुपला नव्हता. ताकदवान लोकांना नको असलेली गोष्ट केल्यावर तो अचानक आठवला. तेव्हा हा अनुभव तुलाही येईल असे गृहीत धर, आणि तो आल्यावर स्वतःचे अमेरिकनपण सिद्ध करत बसू नकोस. आल्टगेल्ड यांनी त्या हल्ल्याला उत्तर दिले नाही. दप्तर छापलेले होते, ज्याला खोडायचे असेल त्याने खोडावे, अशी त्यांची भूमिका राहिली.

राज्याच्या सत्तेत काय ताकद असते याचे उत्तर मात्र क्षमापत्रात सापडणार नाही, ते त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात सापडेल. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी, स्त्रियांना आठ तासांची मर्यादा, आणि अंमलबजावणीसाठी निरीक्षकांचे खाते, असा तो कायदा होता. मुख्य निरीक्षक म्हणून आल्टगेल्ड यांनी शिकागोतल्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली या बाईंना नेमले. चित्रांच्या चौकटींना मुलामा देण्याच्या कामात एका मुलाच्या हाताची कायमची हानी झाली, त्याचे प्रकरण केली सरकारी वकिलाकडे घेऊन गेल्या, तर त्याने लक्षच दिले नाही. तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी कायद्याच्या महाविद्यालयात नाव घालायला गेल्या आणि निरीक्षकाचे काम सांभाळून त्यांनी पदवी मिळवली. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या आठ तासांचे कलम घटनाबाह्य ठरवले. मुलांविषयीच्या तरतुदी आणि निरीक्षक मात्र टिकले. विधिमंडळात गेल्यावर कायदा मंजूर झाल्याचे फोटो सगळेच काढतात. त्या कायद्याला पैसा किती ठेवला, माणसे किती दिली आणि मोडणाऱ्यावर खटला कोण भरणार, या कलमांकडे लक्ष देणारा सभासद क्वचित भेटतो. तू त्या कलमांपासून वाचायला सुरुवात कर.

१८९४ चा पुलमन संप तू घटनेच्या अभ्यासात वाचला असशीलच. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी मजुरी कापली, पण कामगार राहत होते त्या कंपनीच्या घरांचे भाडे होते तेवढेच ठेवले. युजीन डेब्स यांच्या संघटनेने पुलमनचे डबे चालवण्यावर बहिष्कार टाकला आणि रेल्वे ठप्प झाल्या. आल्टगेल्ड यांनी मागणी केली नसताना, राज्याची फौज तयार असताना, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत केंद्राचे सैनिक उतरवले. आणि क्लीव्हलंड त्यांच्याच पक्षाचे होते. आल्टगेल्ड यांनी तारांतून घटनात्मक हरकत घेतली, ती फेटाळली गेली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राच्या कारवाईची बाजू उचलून धरली. गव्हर्नरांच्या इच्छेविरुद्ध केंद्राने राज्यात सैनिक पाठवावेत का, यावर २०२५ मध्ये शिकागोतच पुन्हा कोर्टकचेरी झाली तेव्हा त्या जुन्या तारा लोकांना आठवल्या.

त्या संपातली तारांइतकी प्रसिद्ध नसलेली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. संप मोडून गेल्यावर, ऑगस्टमध्ये, पुलमन वसाहतीत लोक उपाशी आहेत असे कळल्यावर आल्टगेल्ड स्वतः तिथे गेले आणि घरोघरी फिरले. चुली थंड, कामावर परत न घेतलेले पुरुष, रिकाम्या घरात मुलांना घेऊन बसलेल्या बायका. त्यांनी पुलमन यांना पत्र लिहून भाडे माफ करण्याची आणि मदतीची विनंती केली. सुमारे सहा हजार माणसे अन्नावाचून आहेत आणि त्यांत बहुसंख्य बायका-मुले आहेत असा तपशील दिला. पुलमन यांनी नकार दिल्यावर त्यांनी राज्यातल्या जनतेला मदतीचे जाहीर आवाहन केले. वाद हरल्यानंतर, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळल्यावर ते तिथे गेले होते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

१८९६ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक ते हरले. त्या प्रचारात थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकागोत येऊन त्यांच्यावर जहरी टीका केली होती. मावळत्या गव्हर्नरांनी नव्याच्या शपथविधीला निरोपाचे चार शब्द बोलण्याची प्रथा होती, तीही त्यांच्यासाठी पाळली गेली नाही. परदेशी जन्मामुळे राष्ट्राध्यक्षपदाचा रस्ता घटनेनेच बंद होता. कर्ज काढून बांधलेली युनिटी बिल्डिंग ही सोळा मजली इमारत हातची गेली आणि तिच्याबरोबर बहुतेक संपत्तीही. या आर्थिक बाबतीत त्यांचे अनुकरण करू नकोस. राजकारणात जाणाऱ्या वकिलाने कर्जाच्या पैशावर मोठे व्यवहार करू नयेत, कारण पद गेल्यावर सावकार आणि विरोधक एकाच दिवशी दारात येतात. १८९९ साली ते शिकागोच्या महापौरपदासाठी अपक्ष उभे राहून पडले. अखेरीस डॅरो यांनी त्यांना आपल्या वकिली कचेरीत जागा दिली. जो तरुण त्यांचे पुस्तक वाचून भेटायला आला होता त्याच्याच कचेरीत ते पुन्हा खटले चालवू लागले. मार्च १९०२ मध्ये जोलिएट येथे, दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने सभेत बोलल्यावर त्यांना झटका आला आणि १२ मार्चला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ते गेले. अंत्यविधीला डॅरो आणि हल हाउसच्या जेन ॲडम्स बोलले.

आता तुझ्या स्वतःच्या तयारीविषयी थोडे व्यवहाराचे. इलिनॉयच्या घटनेनुसार विधिमंडळाच्या सभासदाला देशाचे नागरिकत्व, एकवीस वर्षांचे वय आणि मतदारसंघात दोन वर्षांचे वास्तव्य एवढेच लागते. जन्म कुठला हे कोणी विचारत नाही. खालच्या सभागृहात ११८ आणि सिनेटमध्ये ५९ जागा आहेत. म्हणजे शहरातला मतदारसंघ एका माणसाला पायी पालथा घालता येईल एवढा लहान असतो. शपथ घेऊन नागरिक होईपर्यंत मात्र एका गोष्टीत डोळ्यांत तेल घालून राहा. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा कागद किंवा पडदा पुढे येतो, तिथे घाईत नागरिक असल्याची खूण करू नकोस. अशा एका खुणेने नागरिकत्वच काय, इथले राहणेही धोक्यात येते. कोणाच्या तरी प्रचारात फुकट काम करायला, दारोदार जायला, ग्रीन कार्डधारक म्हणून स्वतःच्या पैशातून देणगी द्यायलाही तुला मोकळीक आहे, आणि ती वर्षे त्यासाठी वापरावीस.

उमेदवारीच्या वेळी पहिली लढाई कागदावर होते हे इलिनॉयमध्ये सगळे जाणतात. खालच्या सभागृहासाठी मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या किमान पाचशे मतदारांच्या सह्या लागतात. सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक पानाखाली नोटरीपुढे सही करायची, पानांना क्रमांक घालायचे, गठ्ठा एकत्र बांधायचा. आणि मग प्रतिस्पर्ध्याचा वकील एकेक सही मतदारयादीशी ताडून हरकती घेतो. पत्ता चुकला, मतदार शेजारच्या मतदारसंघातला निघाला, की सही बाद. जेवढ्या लागतात त्याच्या दुप्पट-तिप्पट गोळा करणारेच टिकतात. केंटकीत नीमा कुलकर्णी यांचे उदाहरण ताजे आहे. त्या भारतात जन्मलेल्या, इमिग्रेशन कायद्याच्या वकील, २०१८ साली तिथल्या विधिमंडळावर निवडून आलेल्या. २०२४ मध्ये उमेदवारी अर्जावरच्या दोन सह्यांपैकी एक सही करणारी व्यक्ती त्या वेळी त्यांच्या पक्षाची नोंदणीकृत मतदार नव्हती, एवढ्यावरून प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत त्यांनी मिळवलेला विजय निकामी ठरला. पुढे पक्षाला पुन्हा त्यांचेच नाव द्यावे लागले. सह्या दोनच लागत होत्या. तुला पाचशे लागतील.

उन्हाळ्यात राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, विधिमंडळाच्या एखाद्या समितीच्या कर्मचारीवर्गात काम मिळाले तर घे. पगार कमी असेल, पण विधेयकाचा मसुदा कोणत्या टप्प्यावर कोण बदलतो हे तिथेच दिसते. आल्टगेल्ड यांच्या पुस्तिकेची प्रत मी पाठवतो आहे. तिच्याबरोबर न्यायाधीश गॅरी यांनी १८९३ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या बचावासाठी मासिकात लिहिलेला लेखही आहे. तो आधी वाच आणि शक्य तितका मनापासून पटवून घे, मग पुस्तिका उघड. दोन्ही वाचल्यावर तू गव्हर्नर असतीस तर आदेशात कोणती कारणे ठेवली असतीस आणि कोणती गाळली असतीस, हे दोन पानांत लिहून मला धाड. तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जातली परदेशप्रवासांची यादीही त्याच पाकिटात असू दे. गेल्या पाच वर्षांतल्या जाण्यायेण्याच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून पाहू आणि मगच अर्ज भरू.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे काका